शेरलॉकच्या गेममध्ये चुकीचा माणूसही जेलमध्ये जातो, शेरलॉकचा लेखक मात्र अशा माणसांसाठी लढला

२०१४ साली 'शेरलॉक होम्स : क्राइम्स अँड पनिशमेंट्स' नावाचा एक गेम आला. बनवणारी टीम युक्रेनची, फ्रॉगवेअर्स. गेममध्ये सहा केसेस आहेत आणि होम्स तुम्ही स्वतः आहात. जागेची पाहणी करायची, साक्षीदारांना बोलतं करायचं, क्लू गोळा करायचे, ते होम्सच्या डोक्यात एकमेकांना जोडायचे आणि शेवटी एका माणसाकडे बोट दाखवायचं.

आता इथपर्यंत सगळं नेहमीचंच. पण या गेमची गंमत पुढे आहे.

साधारणपणे गेममध्ये चुकलं की 'गेम ओव्हर' येतं. इथे तसं होत नाही. तेच क्लू वेगळ्या पद्धतीने जोडले की वेगळा आरोपी तयार होतो. तुम्ही भलत्याच माणसाला खुनी ठरवलंत तरी केस बंद होते आणि पुढची केस सुरू होते. आपण धरला तो खराच गुन्हेगार होता का, हे बघायचं की नाही तेही तुमच्यावर सोडलेलं असतं.

बरेच जण हा गेम खेळून म्हणतात, भारी आयडिया आहे. पण ज्या माणसाने शेरलॉक होम्स जन्माला घातला, त्याच्या आयुष्यात हाच प्रश्न खराखुरा येऊन उभा राहिला होता. पुरावे जुळलेत, कोर्टाने शिक्षा दिलीय, केस बंद झालीय आणि आत बसलाय तो भलताच माणूस. एकदा नाही, दोनदा. त्यातल्या पहिल्या केसचा धागा तर थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो.

ही गोष्ट आहे सर आर्थर कॉनन डॉयल यांची.

पेशंटने टोपी काढली नाही, एवढ्यावरून

आर्थरचा जन्म २२ मे १८५९ चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गचा. वडील चार्ल्स सरकारी नोकरीत होते, चित्रंही छान काढायचे. पण दारूने घर पोखरलं होतं. पुढे त्यांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं आणि १८९३ मध्ये ते गेले. घर ओढलं ते आई मेरीने. तिला गोष्टी सांगायचा भारी नाद. आर्थरला गोष्टीची गोडी लागली ती तिच्यामुळेच.

१८७६ मध्ये आर्थर एडिनबर्ग विद्यापीठात डॉक्टरकी शिकायला गेला. तिथे त्याला भेटले डॉ. जोसेफ बेल. हे सर्जन पेशंटने तोंड उघडण्याआधीच तो कोण, कुठला, काय काम करतो हे सांगायचे. आर्थर त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात मदतनीस होता, त्यामुळे हा प्रकार त्याला रोज जवळून बघायला मिळायचा.

एक किस्सा डॉयल यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितलाय. एक साध्या कपड्यांतला माणूस आला. बेल यांनी त्याला थेट सांगितलं की तू सैन्यात होतास, नुकताच सुटलायस आणि बार्बाडोस बेटावर होतास. सगळं खरं निघालं. बेल यांचं गणित साधं होतं. माणूस अदबीने वागत होता, पण त्याने टोपी काढली नाही. सैन्यात टोपी काढत नाहीत. सुटून बरेच दिवस झाले असते तर ही सवय मोडली असती. आणि त्याला हत्तीपाय झाला होता, जो स्कॉटलंडमध्ये नाही, वेस्ट इंडीजमध्ये होतो.

शेरलॉक होम्सचं बी पडलं ते इथे.

शिकत असतानाच १८८० मध्ये आर्थर पीटरहेड बंदरातून निघालेल्या 'होप' नावाच्या देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर डॉक्टर म्हणून गेला. आर्क्टिकच्या बर्फात काही महिने काढून आला. पीटरहेड हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

२५ पौंडांत विकलेला होम्स

१८८२ मध्ये डॉयल यांनी पोर्ट्समथजवळच्या साउथसी भागात दवाखाना थाटला. पेशंट बेताचेच. मधल्या रिकाम्या वेळात ते लिहायचे. १८८६ मध्ये त्यांनी एक डिटेक्टिव्ह कादंबरी लिहिली, 'अ स्टडी इन स्कार्लेट'. प्रकाशकांनी परत पाठवली. शेवटी एकाने सगळे हक्क मिळून २५ पौंडांना घेतली आणि १८८७ च्या एका ख्रिसमस अंकात ती छापून आली. शेरलॉक होम्स आणि डॉ. वॉटसन जगासमोर आले ते असे. तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही.

१८९१ मध्ये डॉयल यांनी डोळ्यांचा डॉक्टर व्हायचं ठरवलं. व्हिएन्नाला जाऊन थोडं शिकले आणि लंडनमध्ये दवाखाना उघडला. त्यांच्याच सांगण्यानुसार तिथे एकही पेशंट आला नाही. पण त्याच वर्षी 'स्ट्रँड' मासिकात होम्सच्या छोट्या कथा सुरू झाल्या आणि लोक अक्षरशः वेडे झाले. डॉयल यांनी डॉक्टरकी सोडली.

दोन वर्षांत त्यांना होम्सचाच कंटाळा आला. त्यांना ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या आणि लोकांना फक्त होम्स हवा होता. आईने समजावून बघितलं, पण डिसेंबर १८९३ मध्ये त्यांनी होम्सला स्वित्झर्लंडच्या राइखेनबाख धबधब्यात ढकलून दिलं. 'स्ट्रँड'चे २० हजारांवर वर्गणीदार तुटले असं सांगतात. १९०१ मध्ये 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' आली आणि १९०३ मध्ये होम्सला जिवंत करावंच लागलं. एकूण ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा झाल्या.

१९०२ मध्ये डॉयल 'सर' झाले. पैसा, नाव, सगळं होतं. पण घरात पत्नी लुईझा क्षयाने अनेक वर्षं आजारी होती. जुलै १९०६ मध्ये ती गेली आणि डॉयल पार खचले. लिहिणं सुचेना.

अशात त्यांच्या टपालात काही कात्रणं आली. पाठवणाऱ्याचं नाव होतं जॉर्ज एडलजी.

मुंबईच्या पारशाचा मुलगा

जॉर्जचे वडील शापुरजी एडलजी मूळचे मुंबईचे पारशी. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, इंग्लंडला गेले, शार्लट नावाच्या इंग्रज बाईशी लग्न केलं आणि स्टॅफर्डशरमधल्या ग्रेट वर्ली गावच्या चर्चचे धर्मगुरू झाले. कोळसा खाणीवाल्यांचं गाव आणि चर्चमध्ये सावळा धर्मगुरू. काही लोकांना ते कधीच पचलं नाही. वर्षानुवर्षं या घराला निनावी धमक्यांची पत्रं येत राहिली.

जॉर्ज हुशार निघाला. बर्मिंगहॅममध्ये सॉलिसिटर झाला. रेल्वेच्या कायद्यावर सामान्य प्रवाशांसाठी त्याने पुस्तकही लिहिलं. दारू नाही, सिगारेट नाही. ऑफिस आणि घर एवढंच.

१९०३ मध्ये गावात एक भयंकर प्रकार सुरू झाला. रात्रीच्या अंधारात कुणीतरी घोड्यांची, गायींची, मेंढ्यांची पोटं चिरायला लागलं. सोबत पुन्हा निनावी पत्रं सुरू झाली. त्यात हे करणाऱ्या टोळीत जॉर्जचंही नाव होतं. पोलिसांनी त्याचा अर्थ काय लावला? तर ही पत्रं जॉर्जनेच लिहिलीत.

१८ ऑगस्टच्या सकाळी खाणीचं एक तट्टू जखमी सापडलं आणि त्याच दिवशी जॉर्जला अटक झाली.

आता कोर्टातले पुरावे बघा. जॉर्जच्या कोटावर घोड्याचे केस. बुटांना चिखल. घरात डाग असलेले वस्तरे. आणि हस्ताक्षर तज्ज्ञाची साक्ष, की निनावी पत्रं याच्याच हातची आहेत. केस, चिखल, डाग, अक्षर. अगदी होम्सच्या गोष्टीत असतात तसे क्लू! गेममध्ये एवढं मिळालं असतं तर तुम्ही-आम्ही पण जॉर्जवरच क्लिक केलं असतं.

वडिलांनी शपथेवर सांगितलं की जॉर्ज माझ्याच खोलीत झोपतो, दाराला आतून कुलूप असतं आणि त्या रात्री तो बाहेर गेलेला नाही. कोर्टाने ऐकलं नाही. जॉर्ज कोठडीत असतानाही जनावरांवरचे हल्ले थांबले नव्हते, त्याचाही उपयोग झाला नाही. ऑक्टोबर १९०३ मध्ये त्याला ७ वर्षांची सक्तमजुरी झाली. वकिली गेली. सुटकेसाठी १० हजार लोकांनी अर्जावर सह्या केल्या. तीन वर्षांनी, १९०६ मध्ये त्याला अचानक सोडून देण्यात आलं. का सोडलं ते सांगितलं नाही आणि निर्दोषही म्हटलं नाही.

हॉटेलच्या लॉबीत सुटलेली केस

डॉयल यांनी जॉर्जला लंडनच्या एका हॉटेलात बोलावलं. त्यांना यायला जरा उशीर झाला. जॉर्ज पेपर वाचत बसला होता. डॉयल लांबूनच थबकले. जॉर्जने पेपर डोळ्यांच्या अगदी जवळ आणि थोडा तिरका धरला होता.

ज्या डोळ्यांच्या दवाखान्यात एकही पेशंट फिरकला नव्हता, त्याचं शिक्षण इथे कामी आलं. डॉयल यांना कळलं की या माणसाची दूरची नजर फार अधू आहे. नंतर नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घेतलं, तर आठ डायॉप्टरचा दोष निघाला. चष्म्याशिवाय समोरचा माणूस नीट दिसायची मारामार. असा माणूस पावसाळी रात्री, किर्र अंधारात, रेल्वेचे रूळ आणि कुंपणं ओलांडून शेतात जातो, तट्टू शोधतो, चिरतो आणि कुणाला न दिसता परत येतो?

डॉयल तेवढ्यावर थांबले नाहीत. गावात गेले, वाट चालून बघितली, एकेक पुरावा पुन्हा तपासला. बुटांचा चिखल आणि त्या शेतातली माती यांचा रंगच जुळत नव्हता. वस्तऱ्यांवर रक्त नव्हतं, गंज होता. कोट आणि मेलेल्या तट्टूच्या कातड्याचा तुकडा एकाच दिवशी तपासणीला गेले होते, मग कोटावर केस कुठून आले असतील, हा प्रश्न त्यांनी विचारला. आणि तो हस्ताक्षर तज्ज्ञ? त्याने आधीही एका गाजलेल्या खटल्यात चुकीची साक्ष दिली होती आणि एक निर्दोष माणूस तुरुंगात गेला होता.

जानेवारी १९०७ मध्ये 'डेली टेलिग्राफ'मध्ये डॉयल यांचे लेख आले. त्यावर त्यांनी कॉपीराइट ठेवला नाही, कुणीही छापा म्हणाले. देशभर चर्चा झाली. सरकारने तिघांची समिती नेमली. त्यातला एक जण स्टॅफर्डशरच्या पोलिस प्रमुखाचा नातलग होता. समितीने सांगितलं की जनावरं जॉर्जने कापलेली नाहीत, पण पत्रं त्यानेच लिहिली असावीत, म्हणजे संकट त्याने स्वतःच ओढवून घेतलं. मग माफी मिळाली, भरपाईचा एक पैसाही नाही.

डॉयल भडकले. तरी दोन गोष्टी घडल्या. जॉर्जला वकिलीची सनद परत मिळाली. आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपील कोर्टाचा कायदा झाला. चुकीच्या शिक्षेविरुद्ध दाद मागायला तोपर्यंत असं कोर्टच नव्हतं. या कायद्यामागे जी प्रकरणं होती, त्यात जॉर्जचं नाव घेतलं जातं. सप्टेंबर १९०७ मध्ये डॉयल यांनी जीन लेकीशी दुसरं लग्न केलं, तेव्हा पाहुण्यांत जॉर्जही होता.

पण इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जॉर्ज नाही तर कोण, हे शोधताना डॉयल यांनी त्याच भागातल्या दुसऱ्या एका माणसावर बोट ठेवलं. त्याचं अक्षर, शाळेतली वागणूक, जुनी कामं यांची साखळी जोडून त्यांनी सरकारला कळवलं. सरकारला पुरावा पुरेसा वाटला नाही आणि त्या माणसावर कधीच गुन्हा सिद्ध झाला नाही. म्हणजे जॉर्जच्या बाबतीत जी चूक पोलिसांनी केली, तिच्या काठापर्यंत डॉयल स्वतः जाऊन आले.

पीटरहेडचा कैदी

दुसरी केस ग्लासगोची. २१ डिसेंबर १९०८ ला मॅरियन गिलख्रिस्ट नावाच्या श्रीमंत वृद्धेचा तिच्या घरात खून झाला आणि एक हिऱ्याचा ब्रोच गेला. पोलिसांना कळलं की ऑस्कर स्लेटर नावाचा जर्मन ज्यू ब्रोच गहाण ठेवल्याची पावती विकायला फिरतोय आणि नंतर तो बोटीने अमेरिकेला गेलाय. झालं, सगळं जुळलं.

फक्त एकच अडचण होती. तो ब्रोच वेगळाच होता आणि खुनाच्या आधीच गहाण ठेवलेला होता. म्हणजे ज्या क्लूवरून संशय सुरू झाला, तोच खोटा निघाला. तरी पोलिसांनी संशयित बदलला नाही. स्लेटर जुगारी होता, नावं बदलून राहायचा, त्यात परका. साक्षीदारांनी ओळखलं म्हणून १९०९ मध्ये त्याला फाशी सुनावली. फाशीच्या दोन दिवस आधी ती जन्मठेपेत बदलली आणि त्याला पाठवलं पीटरहेडच्या तुरुंगात. ज्या गावातून तरुण डॉयल जहाजावर चढले होते, त्याच गावात हा माणूस दगड फोडत राहिला.

डॉयल यांना स्लेटर माणूस म्हणून अजिबात आवडत नव्हता. तरी १९१२ मध्ये त्यांनी त्याच्या बाजूने पुस्तिका लिहिली. काही झालं नाही. ग्लासगोच्या एका पोलिस अधिकाऱ्याने तपासातल्या चुका बाहेर काढल्या, तर त्याचीच नोकरी गेली. १९२५ मध्ये सुटलेल्या एका कैद्याने स्लेटरची चिठ्ठी तोंडात लपवून बाहेर आणली. ती डॉयल यांच्यासाठी होती. वयाच्या ६६ व्या वर्षी ते पुन्हा कामाला लागले. नोव्हेंबर १९२७ मध्ये स्लेटर सुटला, १९२८ मध्ये शिक्षा रद्द झाली आणि ६ हजार पौंड भरपाई मिळाली. मग डॉयल यांनी त्याला लढाईचा खर्च परत द्यायला सांगितलं, त्याने नकार दिला आणि दोघांचं कायमचं फाटलं.

परी बघितलेला डिटेक्टिव्ह

एवढा तल्लख माणूस, पण १९२० मध्ये त्याच डॉयल यांनी 'स्ट्रँड'मध्ये दोन मुलींनी काढलेले परींचे फोटो खरे म्हणून छापले. पुढे १९२२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. १९८३ मध्ये म्हाताऱ्या झालेल्या त्या दोघींनी कबूल केलं की कागदाच्या परी कापून पिनांनी उभ्या केल्या होत्या.

हसू येतं, पण मागचं कारण बघा. पहिल्या महायुद्धात जखमी झालेला डॉयल यांचा मुलगा किंग्जली १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेला. काही महिन्यांत भाऊही गेला. मेलेल्यांशी बोलता येतं यावर डॉयल यांचा विश्वास आधीपासून होता, आता तेच त्यांचं आयुष्य झालं. जॉर्जचा पेपर धरलेला हात ज्यांना लांबून दिसला, त्यांना परींच्या कडेची कात्री दिसली नाही. कारण जॉर्जच्या वेळी ते बघायला गेले होते आणि परींच्या वेळी त्यांना आधीच काहीतरी हवं होतं. ग्लासगोच्या पोलिसांचंही हेच झालं होतं.

७ जुलै १९३० ला डॉयल गेले. जॉर्ज १९५३ पर्यंत जगला.

मग खेळायचं काय?

डॉयल यांच्या या बाजूला शोभणारे गेम हवे असतील, तर यादी छोटीच आहे.

'क्राइम्स अँड पनिशमेंट्स' बद्दल वर सांगितलंच. त्यात गुन्हेगार ठरवल्यावर त्याला कायद्याच्या हवाली करायचं की सोडायचं, हेही तुम्हीच ठरवता.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा २०१८ चा, लुकास पोपने बनवलेला. १८०७ साल, माणसांविना परत आलेलं जहाज, त्यावरचे ६० जण आणि तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा तपासनीस. कोण कोण होता आणि कसा गेला ते कपडे, बोली, झोपायची जागा यांवरून ओळखायचं. अगदी डॉ. बेल यांच्या पद्धतीने. तीन जणांचं उत्तर बरोबर आल्याशिवाय गेम होकार देत नाही, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही.

'द ग्रेट एस अटर्नी क्रॉनिकल्स' २०२१ मध्ये इंग्रजीत आला. जपानचा एक विद्यार्थी व्हिक्टोरियन काळातल्या लंडनमध्ये वकील म्हणून उभा राहतो आणि परका म्हणून त्याच्याकडे कसं बघतात ते तुम्हाला दिसतं. यातला डिटेक्टिव्ह आहे 'हरलॉक शोल्म्स', जो ठणकावून भलताच निष्कर्ष काढतो. तो दुरुस्त करणं तुमचं काम.

आणि जुनं काही हवं असेल तर 'शेरलॉक होम्स : कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह'. १९८१ चा बोर्ड गेम, १९९१ मध्ये कॉम्प्युटरवर आला. लंडनची डिरेक्टरी आणि त्या दिवसाचा पेपर हातात घेऊन केस सोडवायची.

आपण सगळेच हल्ली रोज थोडे डिटेक्टिव्ह असतो. एक व्हिडिओ, दोन स्क्रीनशॉट, जुनी एखादी पोस्ट, की कमेंटमध्ये आरोपी ठरलेला असतो. म्हणून हे गेम खेळताना एक करून बघा. बोट दाखवायच्या आधी, आपला संशयित निर्दोष असेल तर कोणता क्लू खोटा पडतो, तेवढं शोधा. ग्रेट वर्लीत हे कुणी केलं असतं, तर जॉर्जला फक्त पेपर वाचायला दिला असता तरी पुरलं असतं.

गेममध्ये चुकलात तर मागे जाऊन निर्णय बदलता येतो. जॉर्जला ती तीन वर्षं कुणी परत दिली नाहीत.